दाजींच्या शिफारशी

जगातल्या कुठल्याही दुःखावर, अडचणीवर किंवा आजारावर वाचण्यासारखा एक तरी ब्लॉग असतोच, असं मनापासून मानणारा माणूस सगळ्या नगर जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. चार माणसं भेटली की एकमेकांना पावसाचं विचारतात, गुडघ्यांचं विचारतात. दाजी विचारतात, “सध्या काय वाचताय?” समोरच्याने “काही नाही” म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो. कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, खिशातून मोबाईल निघतो, आणि मग समोरच्याची बस स्टँडवर लागलेली असो की कडेवर लेकरू रडत असो, विज्ञानाची किंवा गणिताची एक साइट पदरात घेतल्याशिवाय त्याची सुटका होत नाही. श्रीरामपुरात त्यांच्या घराजवळचा न्हावी त्यांची दाढी डोळे मिटून करतो म्हणतात, कारण डोळे उघडे दिसले की दाजी त्याला केसांच्या वाढीवरचं काहीतरी वाचायला देतात.

दाजी आयुष्यभर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. साखरेचा नमुना तळहातावर घ्यायचा, बोटाने पसरायचा, उजेडात धरायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर साखर सुटली, पण हाताची सवय सुटेना, म्हणून ती इंटरनेटला लागली. त्यांच्या हिशेबी ब्लॉगसुद्धा बारीक, मध्यम आणि जाड दाण्याचे असतात. बारीक दाणा म्हणजे चहा उकळेपर्यंत वाचून विरघळणारा. साबणाचा फुगा गोलच का होतो, तव्यावर पाण्याचा थेंब का नाचतो, असले विषय. मध्यम दाण्याला एक सकाळ द्यावी लागते. जाड दाण्याचा ब्लॉग एकदा वाचून कळत नाही, तो तोंडात धरून हिंडावं लागतं. आणि या सगळ्यांच्या खाली मळी. गोमूत्रातून वीज, शंखनादाने कॅन्सर बरा, अमुक मंत्रात प्रकाशाचा वेग, असलं जे काही लोक सकाळी उठून एकमेकांना पाठवतात ते सगळं मळी. “कारखान्यातल्या मळीची निदान दारू तरी होते, शैलाबाई,” ते मला म्हणायचे, “ह्याचं काय करायचं?”

नमुना तपासण्याची त्यांची पद्धतही ठरलेली. ब्लॉग उघडला की ते वरून वाचत नाहीत, आधी तळाशी जातात. वाचकांनी काय विचारलंय आणि लिहिणाऱ्याने उत्तर दिलंय की नाही ते बघतात. मग तो माणूस काही विकतोय का ते बघतात. आणि मग सगळ्या लिखाणात “हे मला माहीत नाही” असं त्याने कुठे म्हटलंय का ते शोधतात. तसं एकदाही सापडलं नाही तर साइट नापास. ही परीक्षा मी नंतर आमच्या दुकानात येणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींना लावून बघितली आणि ती चांगली चालते, हे मला कबूल केलं पाहिजे.

दाजींना वेळकाळ कळत नाही असं नाही. त्यांना ते महत्त्वाचं वाटत नाही. माझ्या चुलत सासऱ्यांचा दहावा पुणतांब्याला गोदावरीकाठी होता. पिंड ठेवला, सगळे हात जोडून उभे राहिले आणि कावळा काही खाली येईना. समोरच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत राहिला. ऊन चढायला लागलं. घरचे एकेक वचन द्यायला लागले. नाना, तुमची बैलजोडी विकणार नाही. नाना, धाकट्याचं औंदा उरकून टाकू. नाना, बांधाचा वाद मिटवून घेऊ. कावळा ढिम्म. तेवढ्यात मागून दाजींचा आवाज आला. “कावळा माणसांचे चेहरे ओळखतो आणि लक्षात ठेवतो. एक बाई त्याच्यावर फार सुरेख लिहितात, मध्यम दाणा आहे. एवढी माणसं ताटाकडे रोखून बघत असली तर तुम्ही तरी जेवाल का?”

माझा चुलत दीर कळवळून म्हणाला, “दाजी, हितं बी व्हय?”

पण भूक सगळ्यांनाच लागली होती. शेवटी म्हातारे म्हणाले, बघू करून. आम्ही सगळे पिंडाकडे पाठ करून नदीकडे तोंड करून उभे राहिलो. थोड्या वेळाने वळून पाहिलं तर पिंड जागेवर नव्हता. कावळ्याने नेला की घाटावरच्या कुत्र्याने, यावर त्या घरात अजून दोन मतं आहेत, आणि बांधाचा वादही त्यामुळेच मिटलेला नाही. दाजींना त्याची खंत नाही. त्या दिवशी परतताना जीपमध्ये त्यांनी सुतकातल्या तीन माणसांच्या मोबाईलवर तो कावळ्यांचा ब्लॉग उघडून दिला होता.

राहात्याला आमचं खतं, बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. मालक शेतावर असतात, दुकान मी बघते. दाजी आठवड्यातून एकदा बसने यायचे आणि काउंटरच्या कडेला स्टूल घेऊन बसायचे. गिऱ्हाईक तुटेल म्हणून मी आधी धास्तावले होते. एकदा पेरूच्या बागेचा एक शेतकरी फळमाशीने हैराण होऊन आला. मी त्याला सापळे दाखवत होते. दाजींनी स्टूल पुढे सरकवलं.

“फळमाशीवर एक शास्त्रज्ञ फार छान लिहितात. सगळं आयुष्य त्यांनी माश्यांवर काढलं. प्रयोगशाळेत बाटल्या भरभरून माश्या पाळल्यात त्यांनी.”

शेतकऱ्याने सापळा खाली ठेवला. “पाळल्यात? इकत घेऊन?”

“हो. त्या माशीची जात वेगळी, पण गंमत बघा, तिच्या डोळ्यांच्या रंगावरून—”

“दाजी, त्यांचा फोन नंबर हाय का?”

“कशाला?”

“आमच्या बागंत लई हायेत. टेम्पो घेऊन या म्हनावं, फुकाट भरून न्या.”

दुकानातले सगळे हसले. दाजीही हसले, पण जाताना त्यांनी त्या माणसाला लिंक दिलीच. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी विचारलं, वाचलं का? तो म्हणाला, “न्हाई वो, विंग्रजी हाय. पर पोरगी वाचती. रोज मला माशीच्या डोळ्याचं सांगती. बाग गेली, पर माहिती लई झाली.”

इथवर हे वेड विनोदी होतं. आता ताईबद्दल सांगायला हवं.

माझी ताई श्रीरामपुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. गावातल्या निम्म्या बायका अजूनही तिला बाजारात बघून पदर सावरतात आणि मनातल्या मनात पाढे म्हणतात. नुसतं उत्तर लिहिलं तर ती शून्य द्यायची. “उत्तर मला माहीत आहे,” ती म्हणायची, “तू तिथे कुठल्या रस्त्याने गेलीस ते दाखव.” घरात याचा सगळ्यात जास्त मार दाजींना बसला. रसायनशास्त्रात हुशार असलेला हा माणूस गणितात कच्चा होता. किराणा मालाची बेरीज ते करायचे आणि ताई त्यांच्याकडे न बघता, भाजी चिरता चिरता म्हणायची, “अहो, परत करा.” ते परत करायचे. मग ती म्हणायची, “द्या इकडे.”

तिचं विसरणं आधी आम्हाला विसरणं वाटलंच नाही. तीच गोष्ट दोनदा विचारली, दूध उतू गेलं, हे कोणाचं होत नाही? मग एके दिवशी ती भाजी आणायला बाहेर पडली आणि पिशवी घेऊन सरळ शाळेच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. निवृत्त होऊन किती वर्षं झालेली. घंटा अजून का झाली नाही म्हणून ती शिपायाला रागावली. शिपाई जुना होता. त्याने “व्हय बाई, चला” म्हणत तिला घरी आणून सोडलं.

नाशिकच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं की हा आजार एकाच दिशेला जातो. त्याचा वेग कमी करायचा प्रयत्न करता येतो, खात्री देता येत नाही. गोळ्या द्या, चालवा, माणसांत ठेवा, डोकं चालतं ठेवा. मी त्यातलं “एकाच दिशेला” एवढं ऐकलं आणि पुढे काय काय लागेल याचा विचार करायला लागले. दाजींनी “डोकं चालतं ठेवा” एवढंच ऐकलं. परतीच्या रस्त्यात ते मला म्हणाले, “रोज सकाळी तिला एक गणित घालायचं. जोवर तिला गणित सुटतंय तोवर ती आपल्यात आहे.” मी म्हटलं, “दाजी, डॉक्टर असं म्हणाले नाहीत.” ते म्हणाले, “त्यांनी वाचलेलं नसेल.”

गणित शोधणं सोपं होतं, साइट्स पुष्कळ होत्या. अडचण वेगळीच निघाली. ताई वर्तुळाचं, स्पर्शिकेचं उदाहरण पानभर सोडवायची आणि कागद दाजींच्या हातात द्यायची, आणि ते बरोबर आहे की नाही हे दाजींना कळायचं नाही. म्हणजे बायको किती शिल्लक आहे हे ज्यावरून कळायचं, तेच त्यांना वाचता येत नव्हतं.

म्हणून ते एका मदतीच्या साइटवर गेले. तिथे कोणीही गणिताचा प्रश्न टाकावा आणि जगभरातली अनोळखी माणसं फुकट उत्तर देतात. दाजींनी प्रश्न टाकला तो कारखान्याच्या पत्रव्यवहाराच्या इंग्रजीत. वर विषय, मग आदरणीय महोदय, मध्ये कोन काढण्याबाबत विनंती, सत्वर कार्यवाही व्हावी, आणि खाली आपला विश्वासू. तासाभरात प्रश्न बंद झाला. खाली कोणीतरी लिहिलं होतं की इथे गृहपाठ सोडवून मिळत नाही, आधी स्वतः काय प्रयत्न केलात ते दाखवा.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दाजी राहात्याला हजर. मी कुलूप काढते आहे आणि हे मागे उभे.

“शैलाबाई, ह्या वयात मला म्हणतात गृहपाठ दुसऱ्याकडून करून घेतोस! नियम वाचले मी सगळे. नुसतं उत्तर मागायचं नाही, आपला रस्ता दाखवायचा. मला वाटतं ही साइट तुमच्या ताईनेच काढलेली आहे.”

“मग ताईचा कागद टाका की,” मी म्हटलं. “प्रयत्न तिने केलाय. आणि ते महोदय-बिहोदय काढा. खरं काय ते चार ओळींत लिहा.”

स्टूलवर बसून त्यांनी लिहिलं. हा प्रयत्न माझ्या पत्नीचा आहे. त्या गणित शिकवायच्या. त्यांना विसरण्याचा आजार झाला आहे. हे बरोबर आहे का, एवढंच मला सांगा, कारण मला ते कळत नाही. सोबत कागदाचा फोटो. यावेळी प्रश्न कोणी बंद केला नाही. एका टोपणनावाच्या माणसाने लिहिलं की उत्तर पूर्ण बरोबर आहे, आणि मधली युक्ती मला सुचली नसती, त्यांना माझा नमस्कार सांगा.

दाजींनी घरी जाऊन ते ताईला वाचून दाखवलं. ताई म्हणाली, “न सुचायला काय झालं त्याला? नववीचं तर आहे. त्याला म्हणावं, लक्ष दे जरा.”

दाजींनी तेही इंग्रजीत करून त्याला कळवलं. त्यानंतर तो माणूस आणि त्याच्यासारखे आणखी दोघे-तिघे ताईचे कागद तपासायला लागले. आता दाजी त्या साइटची शिफारस स्टँडवरच्या चहावाल्यापासून चर्चच्या फादरपर्यंत सगळ्यांना करायचे. “जाड दाणा, एक नंबर,” म्हणायचे. “ओळख नाही, पाळख नाही, आणि चूक असली तर चूक सांगतात, बरोबर असलं तर बरोबर. आपल्याकडे घरातली माणसं सांगत नाहीत.”

आमचा घरच्या माणसांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. दाजी रोज सकाळी ताईला घातलेल्या गणिताची लिंक त्यावर टाकायचे, आपणही सोडवावं म्हणून. कोणी उघडत नसे. पुण्याचा भाचा अंगठा दाखवायचा, बाकीचे फुलं पाठवायचे. मी मात्र उघडायला लागले, गणितासाठी नाही. दुकानात बसून मी त्या लिंका रक्ताच्या रिपोर्टसारख्या वाचायचे. वर्तुळं होती तोवर ठीक होतं. मग वर्तुळं गेली आणि त्रिकोण आले. मग समीकरणं, मग शेकडेवारी. शेकडेवारीवर ती बरेच दिवस टिकली आणि मला वाटलं, आता थांबेल. मग अपूर्णांक. साइट्स बदलत गेल्या, त्यांचे रंग भडक होत गेले, कोपऱ्यात अस्वलं आणि ससे दिसायला लागले. ज्या दिवशी लिंक उघडल्यावर लाल आणि पिवळे मणी मोजायला आले, त्या दिवशी मी भर दुपारी दुकान बंद केलं आणि श्रीरामपूर गाठलं.

ताई कॉटवर बसली होती. मला बघून छान हसली, पण नाव घेतलं नाही. स्वयंपाकघरात करपल्याचा वास होता.

“दाजी, गॅस कोणी चालू ठेवला होता?”

त्यांनी करपलेलं पातेलं मोरीत सरकवलं.

“आता साइट पुरे झाल्या. दिवसभराची बाई ठेवा. गॅसची टाकी बाहेर घ्या, दाराला वरून कडी लावा. नाहीतर मी तिला राहात्याला घेऊन जाते.”

“तिथे तिला गणित कोण घालेल?”

“मी घालीन.”

“तुम्ही?” दाजींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “तुम्हाला तिने सहामाहीला नापास केलं होतं. स्वतःच्या बहिणीला.”

“दाजी, ती परत वर चढणार नाहीये. कळतंय ना तुम्हाला?”

ते बराच वेळ हातातला मोबाईल पुसत बसले. मग म्हणाले, “कळतंय. जाड संपला, मध्यमही संपला. बारीक राहिलाय. तेवढा तरी नीट वाळवून ठेवतो.” बाई ठेवली. टाकी बाहेर गेली. कडी मी स्वतः सुतार आणून लावून घेतली आणि मगच परतले.

मला वाटलं, आता शिफारशी थांबतील. पण उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागायच्या सुमारास त्यांना आणखी एक ब्लॉग सापडला. कुठल्या तरी देशातली एक शिक्षिका तो लिहायची, आणि त्यावर फक्त मुलांची चुकलेली उत्तरं असायची. मूल असं का चुकलं असेल, याच्यावर ती पानंच्या पानं लिहायची. दाजींच्या डोक्यात त्यावरून निघालं ते असं की ताईला आता स्वतःहून गणित सुटत नसेल, पण दुसऱ्याची चूक ती सहन करणार नाही. ते जन्मात तिला जमलेलं नाही. त्यांनी कॉटसमोरच्या भिंतीवर एक हिरवा फळा लावला आणि रोज सकाळी त्यावर मुद्दाम चुकीचं गणित सोडवायला सुरुवात केली.

आणि ते चाललं. मी स्वतः पाहिलं. दाजींनी सात सक चव्वेचाळीस लिहिलं, तशी जेवणाकडेसुद्धा लक्ष न देणारी ताई कॉटवरून उठली, त्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि फळ्यावर करकरून काट मारली.

“कोणत्या शाळेतून आलास तू?”

“कारखान्याच्या शाळेतून, बाई,” दाजी खाली मान घालून म्हणाले.

“तरीच. उद्या पालकांना घेऊन ये.”

आयुष्यभर त्यांना अहो म्हणणारी माझी बहीण. मी खिडकीकडे तोंड केलं. दाजी मात्र खुशीत होते. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “बघितलंत? ओळखलं नाही मला, पण चूक ओळखली.” त्या ब्लॉगची शिफारस त्यांनी ताईला सांभाळणाऱ्या बाईलासुद्धा केली.

संक्रांतीच्या आधी मी परत गेले होते. सकाळची वेळ होती. बाईने ताईला आंघोळ घालून, वेणी घालून बसवलं होतं. दाजींनी फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं. मग वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि दोन छेद पाच असं उत्तर काढून खाली दोन रेघा मारल्या. छेदात छेद मिळवायचे नसतात, हे ताईने मला कान पिळून शिकवलं होतं. ही चूक तर ती झोपेतसुद्धा सोडणार नाही, असं मला वाटलं. दाजी खडू हातात धरून, तो काढून घ्यायला सोपा जावा असा थोडा पुढे करून उभे राहिले.

ताईने फळ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. तिचे ओठ थोडे हलले. मी मनात म्हणत होते, ऊठ. बाहेरून उसाचा एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तो जाईपर्यंत ती बघतच होती. मग तिचा चेहरा सैल झाला. वर्गात तिने कधी कोणाला दाखवला नसेल असा मऊ चेहरा करून ती दाजींना म्हणाली, “बरोबर आहे. बस खाली.”

दाजी उभेच राहिले. खडू धरलेला हात हळूहळू खाली आला. मग ते तिच्या शेजारी, कॉटच्या कडेला बसले.

मी डस्टर घेऊन उठले. चुकीचं गणित भिंतीवर राहिलेलं मला बघवत नाही.

“राहू द्या, शैलाबाई,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझं बरोबर आलंय.”

मी डस्टर जागेवर ठेवला आणि चहा टाकायला आत गेले.